चेहऱ्याची नस : शस्त्रक्रियेत ती कशी जपतात?



आधी एक छोटी कृती करूया. आरशासमोर उभे राहा. भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा आणि दात दाखवून हसा. चेहऱ्याच्या एका बाजूची ही सगळी कामे एकच चेता करते. मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी ही सातवी. बोलताना आपण तिला नस म्हणतो, पण तिच्यातून रक्त नाही, स्नायूंना जाणारे संदेश वाहतात.

मार्ग : कानाच्या पाळीमागे ती कवटीतून बाहेर पडते आणि कानापुढच्या लाळग्रंथीत शिरते. गालगुंड झाल्यावर सुजते तीच ही ग्रंथी! तिथे तिच्या मुख्य पाच शाखा होतात : कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान. म्हणूनच या ग्रंथीतली गाठ काढताना जोखीम असते. चेतेला इजा झाली तर तोंड वाकडे होते, डोळा नीट मिटत नाही.

मग सर्जन काय करतात? आपल्याला वाटेल, तिच्यापासून लांब राहत असतील. पण या शस्त्रक्रियेत ते बहुधा आधी तिलाच शोधतात. कानापुढच्या कूर्चेचे टोक ही एक खूण. तिथून साधारण १ सेंमी खाली आणि खोल ती सापडते. एकदा दिसली, की तिच्या शाखा नजरेसमोर ठेवून गाठ सोडवतात. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया लावून यंत्राची मदतही घेतात. चेतेला धक्का लागला की यंत्र आवाज करते. तरी शरीररचना पक्की माहीत हवीच. जबड्याखाली छेद घेतानाही तो हाडाच्या कडेपासून सुमारे २ सेंमी खाली घेतात, कारण खालच्या ओठाची शाखा कडेलगतच जाते.

लहान बाळांत : कानामागचे हाड पुरते वाढलेले नसते, त्यामुळे चेता त्वचेच्या अगदी जवळ असते. मोठ्यांसारखा छेद इथे चालत नाही.

पालकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे :
१. गाठ चेतेच्या किती जवळ आहे?
२. नंतर चेहरा कमजोर वाटला तर? (चेता अखंड असेल, नुसती ताणली गेली असेल, तर ताकद बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते.)
३. डोळा मिटत नसेल तर तो कोरडा पडू नये म्हणून काय करायचे?

वर्गात विचारा : गाठ काढायची असताना सर्जन आधी चेता का शोधतात? मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्या.