हिमप्रदेशातील मत्स्यरक्षण

कॅनडाच्या उत्तरेस पसरलेल्या नुनावुत प्रदेशात २५ वस्त्या असून त्यांना एकमेकींशी जोडणारा एकही रस्ता नाही. मत्स्यव्यवसायविषयक कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय पथकास तेथे विमानाने, होडीने अथवा बर्फावरील मोटारगाडीने जावे लागते. परंतु पथकप्रमुखाची खरी कसोटी लागते ती अधिकाराच्या मर्यादा ओळखण्यात.

१९९३ च्या नुनावुत करारान्वये इन्युइट लोकांचे शिकारीचे व मासेमारीचे हक्क मान्य झाले. जेथे पकडीची मर्यादा ठरविलेली नाही, तेथे ते आपल्या गरजेपुरते मासे विनापरवाना घेऊ शकतात. त्यामुळे परवाना नाही म्हणून जाळे जप्त करण्याचा इतरत्रचा खाक्या येथे बेकायदा ठरू शकतो. शिवाय कुटुंबाचे अन्न हिरावले जाते ते वेगळेच. बाहेरून येणाऱ्या जिनसांचे भाव तेथे भयंकर असतात.

नारव्हाल या सुळे असलेल्या देवमाशाचेच पाहा. त्याच्या शिकारीची मर्यादा वन्यजीव व्यवस्थापन मंडळ ठरविते. अध्यक्ष सोडता मंडळावर चार सदस्य इन्युइट संघटनांनी व चार सरकारने नेमलेले असतात. अंतिम मान्यता केंद्रीय मंत्र्यांची. शिकारीचे बिल्ले मात्र वस्तीतील शिकाऱ्यांची संघटनाच वाटते आणि अधिकाऱ्याला तपासावयाचे असतात ते हेच बिल्ले. म्हणूनच जाणता प्रमुख वस्तीत उतरताच, इनुक्टिटुट बोलणारा सहकारी बरोबर घेऊन, प्रथम संघटनेची कचेरी गाठतो. किनाऱ्यावरील तपासणी त्यानंतर.