टोकन देण्याआधी

तुझ्या बाबांचा कोथरूडचा फ्लॅट विकून बाणेर-बालेवाडीकडे मोठा घ्यायचं तुम्हा दोघांचं ठरलंय, हे चांगलं झालं. फोनवर तू म्हणालास, "आत्या, तुझ्या ओळखीचा एखादा एजंट सांग." एक-दोन नावं देईन मी. पण सोसायटीची सेक्रेटरी म्हणून हस्तांतराच्या फायली हाताळताना एक गोष्ट पक्की कळली आहे. एका व्यवहारात नीट वागलेला एजंट दुसऱ्या व्यवहारात तसाच वागेल याची खात्री नसते, कारण दोन्ही वेळा त्याला पैसे देणारा वेगळा असतो. तेव्हा माझ्या नावांवरही विसंबू नकोस. स्वतः पारखून घे.

पहिल्याच भेटीत विचार, "या व्यवहारात तुमचं ब्रोकरेज कोण कोण देणार?" सरळ प्रश्न आहे, विचारायला लाजू नकोस. बाणेरच्या नव्या स्कीममध्ये तुला नेणारा मुलगा म्हणेल, "सर, तुमच्याकडून एक रुपया नाही." ते खरंच असतं. तो बिल्डरचा चॅनल पार्टनर असतो आणि त्याचं कमिशन बिल्डर देतो. त्यात गैर काही नाही. फक्त त्या माणसाला "हा बिल्डर कसा आहे?" असं विचारून मिळालेल्या उत्तराला काही किंमत नसते. साईट बघायला त्याच्याबरोबर खुशाल जा, पण सल्ला दुसऱ्याकडून घे. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात पुण्यात बहुधा दोन्ही बाजूंकडून एक किंवा दोन टक्के घेतात. दोघांकडून घेणं बेकायदा नाही, पण ते त्याने तोंडाने आधी सांगायला हवं. विचारल्यावर जो "ते तुम्ही माझ्यावर सोडा" म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस.

मग त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक माग. महाराष्ट्रात रेरा कायदा मे २०१७पासून पूर्ण लागू आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायला मदत करणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी सक्तीची आहे. ती पाच वर्षं चालते, मग नूतनीकरण लागतं. २०२३ साली महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. क्रमांक नुसता कार्डावर वाचू नकोस. महारेराच्या संकेतस्थळावर टाक आणि नाव तेच आहे का, मुदत संपली नाही ना, एवढं बघ. दोन मिनिटांचं काम आहे. बाबांच्या फ्लॅटसारख्या जुन्या इमारतीतल्या विक्रीला कायद्याने एजंटची ही नोंदणी लागत नाही. तरीही मी नोंदणी असलेलाच घेईन, कारण ती घेण्याइतकं ज्याने धंद्याकडे गांभीर्याने पाहिलं, त्याच्याशी बोलणं सोपं जातं. नोंदणी म्हणजे सचोटीचा दाखला मात्र समजू नकोस.

आता खरी पारख, म्हणजे त्याचं काम. इथे वेळ घाल.

"बारा वर्षं या लाईनीत आहे", "तीनशे डील केले", हे सगळे सांगतात. तू त्याला विचार, गेल्या वर्षभरात याच भागात कुठल्या इमारतींत व्यवहार केले आणि साधारण कितीला गेले. इमारतींची नावं लिहून घे. घरी येऊन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघड. मोफत सेवा आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की त्या मिळकतीच्या दस्तांची यादी येते, आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो ती, उघडून वाचता येते. साईट संथ चालते, कॅप्चा दोन-तीनदा टाकावा लागतो, तरी चिकाटी सोडू नकोस. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं, नोंदणीची तारीख, सगळं एका पानावर असतं. क्षेत्रफळ कार्पेट लिहिलंय की बिल्टअप, ते नीट वाच, नाहीतर चौरस फुटाचा दर चुकीचा निघेल. एजंटने सांगितलेला आकडा आणि इंडेक्स टूमधला मोबदला जवळपास जुळत असेल, तर माणूस बाजार ओळखतो आणि खरं बोलतो. फरक मोठा असेल तर त्यालाच शांतपणे विचार. कधी कधी फरकाचं कारण रोखीतला व्यवहार असतो, आणि ते कारण तो किती सहज सांगतो यावरूनही तुला त्याच्याबद्दल बरंच कळेल.

विकताना एक चूक हमखास होते. तीन एजंटांना बोलावलं की एक जण बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा लाख जास्त भाव सांगतो. ऐकायला गोड वाटतं आणि फ्लॅट त्याच्या हाती जातो. दोन महिने कुणी फिरकत नाही, मग तोच येऊन म्हणतो, "मार्केट थंड आहे, साहेब, थोडं खाली या." आमच्याच इमारतीत हे पाहिलंय, आणि तोवर फ्लॅट 'बरेच दिवस पडून आहे' म्हणून बदनाम झालेला असतो. भाव सांगताना जो शेजारच्या दोन-तीन नोंदलेल्या व्यवहारांचे कागद पुढे ठेवतो, त्याचा आकडा कमी असला तरी त्याचंच ऐक.

घेताना वेगळी परीक्षा घे. ज्याचं उत्तर तुला आधीच माहीत आहे असा प्रश्न विचार. बालेवाडी किंवा सूसकडच्या सोसायटीत जाण्याआधी तिथल्या वॉचमनशी दोन शब्द बोल. एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर लागतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का, हे तो सांगेल. मग एजंटला विचार, "इथे पाण्याचं कसं आहे?" "महापालिकेचं भरपूर पाणी आहे" असं उत्तर आलं, तर पुढचं काहीच ऐकायची गरज नाही. "उन्हाळ्यात टँकर येतात, त्याचे वेगळे पैसे पडतात" असं म्हणाला, तर त्याच्याबरोबर आणखी दोन घरं बघ.

मला सगळ्यात पटलेला एजंट असाच लक्षात राहिला. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवायला तो एका जोडप्याला घेऊन आला होता. घर नुकतंच रंगवलेलं, चकचकीत. त्याने मोबाईलचा टॉर्च लावून बाथरूमच्या छतावरचा फिका पिवळट डाग त्यांना दाखवला आणि म्हणाला, "वरून गळतंय. रंगाने झाकलंय. दुरुस्ती कोण करणार, हे लेखी ठरल्याशिवाय टोकन देऊ नका." मालक जाम चिडला, कारण एजंट त्याने बोलावलेला होता. पण मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम ५५प्रमाणे विकणाऱ्यानेच असा सहज न दिसणारा, महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगायचा असतो. त्या एजंटने मालकाला पुढच्या भांडणातून वाचवलं होतं. बाबांच्या फ्लॅटमध्ये किचनच्या मागच्या भिंतीला ओल येते, ती तूही आधीच सांग, आणि "त्यावर रंग मारून घेऊ" असं सुचवणाऱ्याला फ्लॅट देऊ नकोस.

पैशाचं बोलणं निघेल तेव्हा कान टवकारून बस. "थोडं कॅशमध्ये करू, तुमची स्टँप ड्युटी वाचेल" असं एजंट आपणहून म्हणाला की उठायचं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. विकताना तो घेणारा तू असशील. घेताना कागदावर कमी किंमत दाखवलीस, तर उद्या तोच फ्लॅट विकताना नफा फुगलेला दिसेल आणि कर तू भरशील. एजंट तोवर कुठल्या कुठे गेलेला असेल. स्टँप ड्युटी वाचवायची तर सरळ रस्ता आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत ती सात टक्के पडते, पण राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट मिळते. एक कोटीच्या घरामागे लाख रुपये. दोघांच्या नावावर घेतलंत तर सूट नाही. घर कुणाच्या नावावर, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं; पण एजंटने हे न विचारता सांगितलं तर त्याला कामाची माहिती आहे.

टोकनचा चेक किंवा एनईएफटी मालकाच्याच खात्यात. एजंटच्या खात्यात पाच हजारसुद्धा नाही. पावतीवर लिहून घे की बँकेच्या वकिलाने कागद नाकारले तर टोकन परत. "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय, आत्ता द्या" असं म्हणाला, तर दुसऱ्या पार्टीला देऊ दे. नव्या स्कीममध्ये नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे रेरातच आहे. ज्याने हे लपवलं तो तुझा माणूस नव्हे. बाबांचं शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा, इंडेक्स टू, यांतलं काहीही मूळ प्रतीत एजंटकडे जायला नको. झेरॉक्स दे, आणि तिच्यावर 'फक्त विक्रीसाठी दाखवण्यास' असं आडवं लिहून तारीख टाक. कुलमुखत्यारपत्र तर एजंटच्या नावे कधीच करू नकोस.

पुण्यात एक गोष्ट वारंवार घडते. मालक मुलगा न्यूजर्सीत किंवा सिडनीत, चाव्या इथे आईवडिलांकडे. असा फ्लॅट घेतलास, तर नेहमीचा एक टक्का टीडीएस कापून चालत नाही. एक टक्क्याचा नियम विकणारा भारतात राहणारा असेल आणि किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तेव्हाचा. अनिवासी मालकाच्या बाबतीत कापायची रक्कम फार मोठी असते, आणि कमी कापली तर आयकर खातं घेणाऱ्याला विचारतं. एजंटला आधीच विचार, "मालक अनिवासी असेल तर टीडीएसचं काय करायचं?" त्याने दर तोंडपाठ सांगायला हवा असं नाही. "सीएला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही" एवढं म्हणाला तरी पुरे. "एक टक्काच असतो हो" म्हणाला, तर त्याच्या भरवशावर असा व्यवहार करू नकोस.

आणखी एक गोष्ट सांगते, माझ्या दृष्टीने ती कुठल्याही टक्क्यापेक्षा मोठी आहे. बाबांचा फ्लॅट दाखवायच्या आधीच काही एजंट विचारतात, "कुठल्या लोकांना द्यायचा नाही?" किंवा सुनेकडे बघून म्हणतात, "एकट्या मुलीला देऊ नका, कटकट होते." अशा एजंटला तिथेच नाही म्हण. घेणाऱ्याची ऐपत आणि कागद बघ. त्याची जात, धर्म, नॉनव्हेज खातो का, हे विचारणारा माणूस आपल्या घराची चावी घेऊन फिरायला नको. तुझ्या बाबांनी कधी असा भेद केला नाही.

सगळं पटलं की लेखी घे, एका पानावर. किती टक्के, जीएसटी धरून की वर, कधी द्यायचे, कशाकशाचं काम. मी म्हणेन अर्धे करारनाम्याच्या नोंदणीच्या दिवशी आणि अर्धे ताबा मिळून सोसायटीत शेअर सर्टिफिकेट नावावर झाल्यावर. कारण नोंदणी झाली की बरेचसे एजंट फोन उचलत नाहीत, आणि मग महावितरणचं बिल, मिळकतकर, सोसायटीचे फॉर्म यांसाठी नवा माणूस माझ्यासारख्या सेक्रेटरीच्या दारात एकटाच उभा राहतो. कुणी सोसायटीच्या नावाने लाखभर ट्रान्सफर फी सांगितली तर विश्वास ठेवू नकोस. महापालिका हद्दीत हस्तांतराचं अधिमूल्य पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. बाबांचा फ्लॅट विकायला द्यायचा तर एकालाच दे, पण दोन महिन्यांची मुदत लिहून. जमलं नाही तर दुसरा.

आणि तूही नीट वाग. त्याने दाखवलेल्या घराच्या मालकाशी मागच्या दाराने बोलणी करून त्याची दलाली बुडवू नकोस. काम चोख केलं असेल तर शेवटच्या दिवशी अर्ध्या टक्क्यासाठी घासाघीस करू नकोस. ठरलेली रक्कम चेकने दे, बिल घे. रविवारी तीन नावं घेऊन माझ्याकडे ये. त्यांनी ज्या सोसायट्यांत व्यवहार केलेत, तिथल्या दोन सेक्रेटरींना मी ओळखते. फोन मी लावते, प्रश्न तू विचार.