पाऊण मिलिमीटरने अडवलं : ओपन मोल्ड आणि पार्टिंग लाईन

आपल्या हॉस्टेलवर साक्री तालुक्यातली बरीच मुलं आहेत. ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या त्यांना काही नवीन नाहीत. आम्हा जळगाव-भुसावळवाल्यांनी मात्र त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा एकच प्रश्न पडला, एवढं लांब पातं एका तुकड्यात बनवतात तरी कसं?

उत्तर सोपं आहे. एका तुकड्यात बनवतच नाहीत. दोन उघडे साचे असतात. एकात पात्याची वाऱ्याकडची बाजू, दुसऱ्यात पाठ. साच्यात काचेचं कापड अंथरायचं, व्हॅक्यूमने रेझिन ओढून घ्यायचं, मधे आधाराची भिंत बसवायची, कडांना ॲडेसिव्ह लावायचं आणि एक साचा दुसऱ्यावर पुस्तकासारखा मिटायचा. सुझलॉनच्या एस-८८ मशीनच्या रोटरचा व्यास ८८ मीटर आहे, म्हणजे एक पातं चाळीस मीटरच्या वर. तेसुद्धा असंच बनतं.

आमच्या बी.ई. प्रोजेक्टचं पातं त्यामानाने चिमुकलं, १.२ मीटरचं. पण त्याने आम्हाला जे शिकवलं ते मोल्ड डिझाईनच्या तासाला नीट डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणून हा लेख.

ओपन मोल्ड म्हणजे काय ते आधी बघू. ज्याला झाकण नाही तो ओपन मोल्ड. त्यामुळे वस्तूची एकच बाजू गुळगुळीत निघते, जी साच्याला टेकते ती. दुसरी बाजू खडबडीत राहते. बाहेरची बाजू चांगली हवी असेल तर खोलगट, म्हणजे फीमेल साचा. आतली हवी असेल तर उंचवट्याचा, म्हणजे मेल.

मेल साचा बघायला खानदेशात लांब जावं लागत नाही. खापराचे मांडे आठवा. पालथ्या खापरावर आई पुरणाचा मांडा हातावरून अलगद सोडते, तो खापराचा बाक घेतो आणि भाजला की सहज उचलला जातो. का उचलला जातो? कारण मांडा खापराच्या पोटापर्यंतच असतो. समजा तो पोटाच्या खाली, मडकं जिथे आत वळतं तिथपर्यंत गुंडाळला असता तर? फाटल्याशिवाय निघालाच नसता. मोल्डच्या भाषेत त्या आत वळणाऱ्या भागाला अंडरकट म्हणतात. आणि खापराच्या सगळ्यात फुगीर जागेवरून जी रेषा फिरते ती सिल्हूट. पार्टिंग लाईन तिथेच हवी. एवढं कळलं की निम्मा लेख संपला.

आता आमची फजिती.

पात्यासाठी आम्ही नाका ४४१५ हे प्रोफाईल घेतलं. (नाका म्हणजे अमेरिकेतली १९१५ साली निघालेली संस्था, १९५८ मध्ये तिचीच नासा झाली.) टिप स्पीड रेशो ६ धरला. पात्याला पीळ लागतो, कारण मुळाशी पात्याचा वेग कमी आणि टोकाशी जास्त, त्यामुळे वारा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनातून लागतो. हा कोन काढायचा तर लोकल स्पीड रेशोच्या व्यस्ताचा टॅन इन्व्हर्स घ्यायचा आणि त्याचा दोन तृतीयांश करायचा. रेडियसच्या २० टक्क्यांवर तो साडेसव्वीस अंश येतो, टोकाला सव्वासहा. त्यातून सहा अंश अँगल ऑफ ॲटॅक वजा केला की मुळाशी साडेवीस अंश पीळ उरतो, टोकाला जवळजवळ शून्य. रुंदी मुळाशी २१० मिमी, टोकाला ६०.

पॉइंट्स सॉलिडवर्क्समध्ये घेतले, लॉफ्ट मारला. झेब्रा स्ट्राइप्स लावून बघितल्या, पट्टे कुठेही तुटत नव्हते. आम्ही खूश. प्लायवूडच्या फासळ्या, मधे थर्मोकोल, वर पुट्टी असा पूर्ण पात्याचा प्लग हाताने घासून तयार केला. तीन रविवार गेले त्यात.

मग प्रश्न आला की प्लग दोन भागात विभागायचा कुठे. पॉइंट्सच्या फाईलमध्ये वरच्या बाजूचे पॉइंट वेगळे आणि खालचे वेगळे असतात, दोन्हींचा सांधा नाकाच्या शून्य पॉइंटवर. आम्ही तिथेच रेघ मारली. कोणी विचारलंच नाही की ही रेघ प्रोफाईलची आहे की साच्याची.

वाऱ्याकडच्या बाजूचा साचा घातला. तो सुकल्यावर न काढता प्लग उलटा केला आणि पाठीकडच्या बाजूचा साचा त्याच्याच फ्लँजवर घातला. प्रत्येकी ४५० ग्रॅमच्या मॅटचे सात थर, म्हणजे साधारण सात मिलिमीटर जाडी. दोन दिवसांनी लाकडी पाचरी मारल्या. पहिला साचा टक्कन सुटला. दुसरा हलेना. कॉम्प्रेसरची हवा झाली, गरम पाणी झालं, रबरी हातोडा झाला. शेवटी अवधान एमआयडीसीत फायबरचं काम करणाऱ्या एका काकांना दाखवायला साचा पिकअपमध्ये टाकून धुळ्याला नेला. त्यांनी नुसतं नाकावरून बोट फिरवलं आणि अहिराणीत जे म्हणाले त्याचा अर्थ एवढाच की हे निघणार नाही, फोडा. प्लगही गेला आणि साचाही. सबमिशनला बावीस दिवस राहिले होते.

काकांना बोटाने कळलं ते आम्हाला गणिताने कळायला रात्र गेली. साचा रोटरच्या पातळीला काटकोनात ओढायचा होता. पण मुळाशी प्रोफाईल साडेवीस अंश नाक खाली करून बसलेलं. त्यात ४४१५ चं नाक स्वतःच अकरा अंश खाली झुकलेलं असतं, कारण त्याची मीन लाईन तेवढ्या उताराने सुरू होते. एकूण झाले बत्तीस अंशांच्या आसपास. म्हणजे खरी फुगीर जागा आमच्या रेघेच्या सुमारे तीन मिलिमीटर वर होती. त्या तीन मिलिमीटरमध्ये पाठीकडचा साचा नाकाखाली आत वळला होता, किती, तर जेमतेम पाऊण मिलिमीटर. पातळ पत्रा असता तर वाकून निघाला असता. सात मिलिमीटरचं फायबर वाकत नाही. वर पॉलिस्टर रेझिन सुकताना आकारमानात पाच ते आठ टक्के आकसतं, म्हणजे साच्याने प्लगला मिठीच मारली होती. वाऱ्याकडच्या साच्याला उलट फायदा झाला, त्याला जास्तीचा उतार मिळाला, म्हणून तो टक्कन सुटला. हा फरक त्याच दिवशी लक्षात यायला हवा होता.

सीएनसी राऊटरवर थेट साचा कापला असता तर वाचलो असतो का? नाही, जास्त फसलो असतो. थ्री-ॲक्सिसचं टूल वरूनच उतरतं, त्याला अंडरकट कापताच येत नाही. तिथे ते सरळ भिंत ठेवून देतं. पातं छान निघालं असतं, फक्त नाक चुकीचं, आणि कोणाला कळलंही नसतं.

दुसऱ्या वेळी क्रम बदलला. पार्ट झाल्याबरोबर आधी पुल डायरेक्शन ठरवली आणि ड्राफ्ट ॲनालिसिस लावलं. हिरवा म्हणजे सुटेल, लाल म्हणजे उलट्या बाजूचा, पिवळा म्हणजे उतार अपुरा. हिरवा आणि लाल जिथे भेटतात तीच पार्टिंग लाईन. ती काढायला स्प्लिट लाईन कमांडमध्ये सिल्हूटचा पर्याय आहे. (क्रिओवाल्यांनो, तुमच्याकडे मोल्डमध्ये सिल्हूट कर्व्ह आहे.) ही रेषा सपाट नसते, पिळाबरोबर वळत जाते, मुळाशी नाकाच्या वर तीन मिलिमीटर आणि टोकाला जवळजवळ नाकावर. त्या रेषेवरून बाहेर रूल्ड सरफेस काढला की ६० मिमीची फ्लँज मिळते. प्रत्येक फासळीवर त्या रेषेची खूण प्रिंटमध्येच घेतली, म्हणजे हाताने मोजायचं कामच नाही.

आणखी दोन गोष्टी सॉफ्टवेअरमध्येच करून घ्या. प्रोफाईलची मागची कड कागदावर धारदार असते, पण फायबरचे दोन पापुद्रे तिथे मावणार कसे? आमच्या टोकाला पात्याची सगळी जाडीच नऊ मिलिमीटर होती. मागची कड अडीच मिलिमीटर जाड ठेवा. आणि आतला कोपरा कुठेही पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी रेडियसचा नको, मॅट तिथे बसत नाही आणि खाली हवा राहते. मग जेलकोट टिचकीने फुटतो.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. पुण्याच्या पुस्तकातला जेल टाईम जळगावच्या एप्रिलला लागू होत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो. सकाळी अकराला बादलीभर रेझिनमध्ये हार्डनर टाकला आणि तिसरा थर लावेपर्यंत बादलीतच दगड झाला, धूर निघाला तो वेगळा. मग पहाटे साडेपाचला उठून काम केलं, हार्डनर एक टक्क्यावर आणला आणि रेझिन बादलीऐवजी पसरट ट्रेमध्ये घेतलं. मेसचा चहा व्हायच्या आत दोन थर होत.

आणि हे मात्र ठळक अक्षरात वाचा: हार्डनर (एमईकेपी) आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. दोन्हींची माप घ्यायची भांडीसुद्धा वेगळी. डोळ्यांना गॉगल हवाच. हॉस्टेलच्या रूमवर तर हे काम अजिबात नको.

दुसरा साचा सहा कोट वॅक्स आणि वर पीव्हीए लावून घातला. पाचर लावली, पाच मिनिटांत सुटला. त्यातून तीन पाती काढली. सबमिशनच्या आदल्या रात्री वजन केलं तर तिसरं पातं पहिल्यापेक्षा ४० ग्रॅम जड, कारण तोपर्यंत रेझिन हात सैल सोडून वापरायची सवय लागली होती. हलक्या दोघांच्या मुळाशी शिसं भरून तोल साधला.

दोन्ही साचे वर्कशॉपच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवले आहेत. ज्युनिअर्सना हवे असतील तर वर्कशॉपच्या सरांना सांगून घ्या, पण वापरण्याआधी मुळाकडचा जेलकोट तपासा, तिथे एक केसाएवढी चीर आहे.