दोन बाजारांच्या मधली पालेभाजी

आपल्या अर्धापूर तालुक्याची ओळख केळी आणि हळद. इसापूर धरणाच्या कालव्याने हे शिवार हिरवं केलं. पण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बायाबापड्यांना जेवणाबद्दल विचारलं, की उत्तर येतं: पालेभाजी बहुतेक आठवडी बाजाराच्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी. पुढे आठवडाभर वरण, बटाटा, नाहीतर ठेचा-भाकर. शेत नगदी पिकाला गेलं, बांधावरचं माळवं कमी झालं, आणि गावात स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांना तर बांधच नाही.

याचा परिणाम रक्तात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण ताट हे त्यातलं मोठं कारण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-सूचनांनुसार मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात, त्यात १०० ग्रॅम पालेभाजी असावी. म्हणून पालेभाजी घरच्या गच्चीवरच लावा. तिथल्या चार क्रेटमध्ये घरादाराची ही गरज भागणार नाही. मात्र दोन बाजारांच्या मधले कोरडे दिवस नक्की भरून निघतील.

काय आणि कसं लावावं

चार-पाच तास ऊन लागणारी जागा निवडा. भाजीचा प्लास्टिक क्रेट घेऊन आत पोतं अंथरा. जुनी बादली असेल तर तळाला भोकं पाडा. पालेभाजीला वीतभर माती पुरते. आपली काळी माती नुसती भरली तर पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. सगळे क्रेट एकाच दिवशी पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरलं, की एक खुडून होईपर्यंत दुसरा तयार होतो.

पावसाळ्यात अंबाडी आणि तांदुळजा लावा. तांदुळजा उपटू नका. शेंडे खुडले की पुन्हा फुटतो. थंडीत मेथी, शेपू, पालक आणि करडई घ्या. करडईची पानं काटे धरायच्या आत, कोवळी असतानाच खुडायची. उन्हाळ्यात हिरव्या नेटच्या सावलीत घोळ आणि पुदिना तग धरतात. दारात जागा असेल तर शेवगा लावाच. त्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि लोह दोन्ही भरपूर असतं.

शिजवताना

पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. क जीवनसत्त्व त्याला मदत करतं, पण ते उष्णतेने नष्ट होतं. म्हणून लिंबू भाजी ताटात वाढल्यावर पिळा. चहा जेवणाला लागून घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. पानांतल्या अ जीवनसत्त्वासाठी थोडं तेल हवंच, तेव्हा फोडणी टाळू नका. आपली अंबाडीची भाजी उत्तम: पानं उकडून, पिळून, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून घोटायची आणि वरून लसणाची फोडणी. एका भाजीत डाळ, धान्य आणि पाला तिन्ही येतात.

कोणी जपून खावं

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक, चुका, माठ, तांदुळजा आणि घोळ यांचा मारा करू नये. त्यांत ऑक्सॅलेट जास्त असतं. त्यांना मेथी बरी, आणि पाणी भरपूर. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पालेभाजी आणि केळी दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचू शकतं. रक्त पातळ करणारी वॉरफॅरीनची गोळी चालू असेल तर पालेभाजी कधी एकदम जास्त, कधी बंद असं करू नका.

बाग करताना

कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला ताटली ओतून, घासून कोरडी करा. केळीवर मारायचं शेतातलं औषध गच्चीवर आणू नका, आणि थंड पेयाच्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नका. लेकरू पाणी समजून पितं. मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा द्या, फार किडलेली पानं काढून टाका. नालीचं पाणी भाजीला घालू नका. मातीत काम करताना जखम झाली तर ती धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

शेवटी एक आग्रह. थकवा, धाप, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास असेल तर नुसत्या भाजीवर विसंबू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर गोळ्या लागतील, आणि सांगितले तितके महिने घ्याव्या लागतील. गोळ्यांनी रक्त वाढेल. ते पुन्हा उतरू नये म्हणून ताटात पाला रोज हवा.