मैदान गेले, क्लब उरला

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या मिलटाऊन उपनगरात शॅमरॉक रोव्हर्स हा फुटबॉल क्लब १९२६ पासून खेळत असे. मैदानाची जमीन येशूसंघीय धर्मगुरूंची होती. क्लबच्या मालकांनी ती विकत घेतली आणि १९८७ मध्ये मैदान घरबांधणीसाठी विकायला काढले. समर्थकांनी सामन्यांवर बहिष्कार घातला. तरीही मैदान गेले. पुढची २२ वर्षे क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला. कर्जात बुडालेला क्लब २००५ मध्ये समर्थकांनीच वर्गणी काढून सावरला. २००९ मध्ये टॅला उपनगरात त्याला स्थानिक कौन्सिलचे मैदान मिळाले.

यातून आपण काय शिकावे? मैदान कागदावर एकाचे असले, तरी क्लब वर्गणी देणाऱ्यांचा असतो. आपल्या मंडळांचे हिशेब आणि जागेची कागदपत्रे आपण वेळीच पाहू या.