ओढ्यावरील जुन्या मोऱ्यांची पुनर्बांधणी व जलचरांचे रक्षण

पवना धरणातून सोडलेले पाणी नदीपात्राने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून पिंपरी-चिंचवड शहरासाठी उचलले जाते. या नदीस मावळातील अनेक ओढे मिळतात. अशा ओढ्यांवरील जीर्ण फरश्या व नळांच्या मोऱ्या वेळीच बदलणे अगत्याचे असते. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून ४ जण मृत्यू पावले.

नवी मोरी बांधताना मात्र केवळ बैलगाडीच्या व ट्रॅक्टरच्या वाटेचा विचार पुरेसा नाही. तीच जलचरांचीही वाट असते. मृगाच्या पहिल्या पाण्यासरशी मासे अंडी घालण्यासाठी ओढ्याने वर चढतात. यांसच ‘चढणीचे मासे’ म्हणतात. पुण्याच्या मुळा-मुठेतील ज्या महसीराचे वर्णन साइक्स यांनी १८३९ मध्ये ‘खुद्री’ या नावाने केले, तोही पावसाळ्यात वरच्या अंगास जातो.

जुन्या मोरीचे दोष

अरुंद नळातून पाणी वेगाने निघते. त्यामुळे खालच्या तोंडाशी खळगा पडून नळ अधांतरी राहतो. वीतभर उंचीची धारही लहान माशास भिंतीप्रमाणे आडवी येते. वरच्या बाजूस काडीकचरा अडकून पाणी शेतात शिरते. एकाच दोषाने मासा अडतो व शेतही खरवडते.

नव्या बांधकामात घ्यावयाची काळजी

१. मोरीचा गाळा ओढ्याच्या दोन्ही काठांमधील रुंदीपेक्षा थोडा अधिक ठेवावा.

२. मोरीचा तळ पात्राच्या पातळीखाली घ्यावा, म्हणजे त्यावर वाळू-गोटे टिकतात व पाण्यास धबधबा होत नाही.

३. काम पावसाळा ओसरल्यावर सुरू करून मृगापूर्वी आटोपावे. पाणी चराने वळवावे व डबक्यात अडकलेले मासे, खेकडे जवळच्या डोहात सोडावेत.

४. ओल्या सिमेंटचे पाणी ओढ्यात जाऊ देऊ नये. ते चुन्याप्रमाणे दाहक असून माशांच्या कल्ल्यांस इजा करते.

५. काठावरील करंज, उंबर, जांभूळ राखावेत. त्यांच्या मुळांनी काठ धरून राहतो व सावलीने पाणी थंड राहते.

रुंद मोरीस आरंभी खर्च अधिक येतो, हे खरे. परंतु ती सहसा तुंबत नाही व दुरुस्तीही कमी लागते. आराखडा अभियंत्याकडून करून घ्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या पुरानंतर मोरीच्या खालच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. पाणी उडी न घेता सरळ वाहत असेल, तर काम योग्य झाले असे समजावे.