संगणक सुरू होत नाही तेव्हा : जव्हार-मोखाडा परिसरातील कार्यालयांसाठी

पावसाळ्याच्या चार महिन्यांत जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत विजेचे जाणे-येणे ही नित्याची बाब होय. मुलूख डोंगराळ, वीजवाहिन्या जंगलातून आणि दऱ्याखोऱ्यांतून गेलेल्या. वादळात एखादी फांदी तारेवर पडली की गावेच्या गावे अंधारात राहतात. पूर्वी अशा वेळी कंदिलाच्या उजेडात दप्तर पुढे चालविता येत असे. आता ग्रामपंचायतींचे, शाळांचे आणि आश्रमशाळांचे बरेचसे दप्तर संगणकात गेले आहे, आणि वीज परत आल्यावर तो संगणक पूर्ववत सुरू होईलच याची शाश्वती नसते. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एखादी ओळ उमटते आणि काम थांबते. दाखल्यासाठी पाड्यावरून पायपीट करून आलेली माणसे मात्र ओसरीवर बसूनच असतात.

अशा प्रसंगी गमावण्यासारखे नेमके काय असते, याचा विचार आधी करावयास हवा. ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीत भरलेले हिशेब, रोजगार हमीची ऑनलाइन हजेरीपत्रके, सात-बाराचे उतारे ही माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. गावातील संगणक निकामी झाला तरी तिला धक्का लागत नाही. परंतु ग्रामसभेच्या ठरावांचे मसुदे, पेसा निधीच्या खर्चाचे तक्ते, शाळेने स्वतःपुरत्या तयार केलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या आणि वनहक्क दाव्यांचे स्कॅन केलेले कागद बहुधा त्या एकाच यंत्राच्या हार्ड डिस्कवर असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. जबाब देणारी व्यक्ती आज हयात नसेल, मूळ कागद पावसात भिजून गेला असेल आणि त्याची प्रत त्या डिस्कवरच असेल, तर तो पुरावा कोणत्याही दुकानातून विकत आणता येणार नाही. यंत्र नवे मिळते. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी माहिती वाचविण्याचा विचार झाला पाहिजे; व्यवहारात मात्र याच्या नेमके उलट घडते. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य अनेक दप्तरांचा शेवट ठरले आहे.

संगणक कोणत्या पायरीवर अडला?

कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत संगणक काही पायऱ्या ठरलेल्या क्रमाने चढतो. प्रथम वीज मिळते. मग मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमचा साठविलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस, तर नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. तो मेमरी, कळफलक आणि डिस्क यांची हजेरी घेतो, ठरवून दिलेल्या क्रमाने डिस्क शोधतो आणि तिच्यावरील बूट लोडरच्या हाती सूत्रे देतो. बूट लोडर विंडोज अथवा लिनक्स ही कार्यप्रणाली मेमरीत आणतो. बिघाड कोणत्या पायरीवर झाला हे कळले की निम्मे निदान झालेच. त्यासाठी पडद्यावरील ओळ जशीच्या तशी लिहून घ्यावी किंवा तिचे छायाचित्र काढावे. ‘संगणक बंद पडला’ एवढ्या निरोपावर तालुक्याच्या गावी बसलेल्या तंत्रज्ञाला काहीच सांगता येत नाही.

दिवा लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर दोष विजेकडील आहे. डिस्कची काळजी करण्याचे कारण नाही. पंखा फिरतो पण पडदा कोरा राहतो आणि आतून ‘बीप’ असा आवाज येतो, तेव्हा बहुधा मेमरीची पट्टी नीट बसलेली नसते. दमट हवेत तिच्या कडेवर पुटे चढतात. विजेची जोडणी काढून पट्टी अलगद बाहेर काढावी, कोरड्या मऊ कापडाने कड पुसावी आणि पुन्हा घट्ट बसवावी.

एक बिघाड फसवा असतो. संगणक सुरू होतो, पण दिनांक काही वर्षे मागचा दाखवितो. इंटरनेट असूनही शासकीय संकेतस्थळे ‘सुरक्षित नाहीत’ म्हणून उघडत नाहीत. येथे मदरबोर्डवरील नाण्याएवढी, तीन व्होल्टची सीआर २०३२ ही बॅटरी संपलेली असते. तीच संपल्यामुळे काही यंत्रे डिस्क शोधण्याचा क्रमही विसरतात आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश देतात. स्वस्तातील ही बॅटरी बदलून दिनांक आणि क्रम पुन्हा भरला की काम भागते. हाच संदेश संगणकाला विसरून लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हमुळेही येतो, हे आधी पाहून घ्यावे.

पेन ड्राइव्ह काढला, बॅटरीही ठीक आहे, तरी संदेश हटत नसेल, तर बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का ते तपासावे. नाव दिसत नसेल तर डिस्कच्या दोन्ही वायरी काढून पुन्हा बसवाव्यात. नाव दिसते, विंडोजचे चिन्हही येते आणि यंत्र पुनःपुन्हा स्वतःच बंद होऊन सुरू होते, असे असल्यास दोष कार्यप्रणालीच्या फायलींत असण्याचा संभव अधिक असतो. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलमुळे असेच अडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या यंत्रांच्या डिस्क मात्र धडधाकट होत्या. सेफ मोडमध्ये संगणक सुरू करून ती एक फाइल काढताच बहुतेक यंत्रे पूर्ववत चालू लागली. गावातील संगणकही अशा वेळी आधी सेफ मोडमध्ये सुरू करून पाहावा, आणि तो सुरू होताच सर्वप्रथम कामाच्या फायली बाहेर उतरवून घ्याव्यात.

डिस्कच आजारी असेल तर

जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचन करणारे शीर्ष त्यांना न टेकता काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. चालू असताना धक्का बसला किंवा अचानक वीज गेली, तर शीर्षाला अथवा चकतीला इजा होऊ शकते. टिक-टिक असा ठरावीक आवाज, एकेक फाइल उघडण्यास लागणारी मिनिटे, ‘स्मार्ट’ असा शब्द असलेली सूचना ही तिची लक्षणे. ती दिसताच संगणक बंद करावा. ‘आणखी एकदा लावून पाहू’ या प्रत्येक प्रयत्नात इजा झालेले शीर्ष चकतीवर घासत असते. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारा भाग नसल्यामुळे ती आवाज करीत नाही. मात्र बिघडते तेव्हा पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना देत नाही.

विंडोजमधील ‘चेक डिस्क’ ही आज्ञा निरोगी डिस्कवरील विस्कळीत नोंदी जुळविण्यासाठी आहे. आजारी डिस्कवर ती चालविली तर ती तासन् तास वाचन-लेखन करीत राहते, आणि फायलींचे तुकडे वेगळ्याच नावांनी एखाद्या फोल्डरात जाऊन पडतात. आधी प्रत काढावी. त्यासाठी डिस्क काढून अडॅप्टरच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकाला जोडतात. ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न तेथे पडद्यावर आला, तर उत्तर नकारार्थीच द्यावे. डिस्क थोडीफार वाचता येत असेल, तर जाणकार तंत्रज्ञ लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरतात. तो सुस्थितीतील भाग आधी उतरवून घेतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा उपाय अद्याप सांगितला जातो. जव्हारच्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढताच तिच्यावर दव धरेल, म्हणून तो करू नये. घरी तिचे झाकण उघडणे तर त्याहून घातक.

नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक अडचण संभवते. त्यांतील माहिती पुष्कळदा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडल्यास ४८ अंकी किल्ली मागितली जाते. २०२४ च्या त्या घटनेतही या किल्ल्या वेळेवर न सापडल्याने अनेक कार्यालयांचे काम लांबले. ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापक यांनी यंत्र ताब्यात घेतानाच ही किल्ली कागदावर उतरवून कपाटात कुलुपाखाली ठेवावी. बदली झाल्यास कार्यभाराच्या यादीत तिचा उल्लेख असावा.

प्रतिबंधाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. चांगले अर्थिंग आणि वेळच्या वेळी बॅटरी बदललेला यूपीएस असावा. आकाशात विजा चमकू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढावीत. कामाच्या फायलींची एक प्रत दर आठवड्यास बाहेरील डिस्कवर घ्यावी. ती डिस्क संगणकाला कायम जोडून न ठेवता, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, म्हणजे शाळेची ग्रामपंचायतीत आणि ग्रामपंचायतीची शाळेत, मोहोरबंद करून ठेवणे बरे.

यंत्र दुरुस्तीसाठी जव्हारला, नाशिकला किंवा मुंबईला पाठविताना ‘विचारल्याशिवाय माहिती पुसू नये’ अशी चिठ्ठी यंत्रावर चिकटवावी आणि तिची नक्कल दप्तरी ठेवावी. बिघाड विजेचा किंवा पडद्याचा असेल, तर डिस्क काढून घेऊनच यंत्र पाठविणे उत्तम. डिस्क कायमची निकामी ठरली तरी ती भंगारात देऊ नये. तिच्यावर गावकऱ्यांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक असू शकतात व ते वाचणारा कोणी भेटू शकतो. निर्लेखन करताना तिच्या चकत्या, किंवा सॉलिड स्टेट डिस्क असल्यास तिच्या चिपा, समक्ष फोडून तशी नोंद जडसंग्रह नोंदवहीत घ्यावी.